दुकानाच्या फळ्या

गेल्या कार्तिकात मंचरच्या बाजारपेठेतील माझ्या चुलत बंधूंच्या दुकानाचे काम निघाले. जुनी मातीची भिंत उतरवायची, माळा काढायचा आणि समोर काच लावायची, असा पुतण्याचा बेत. माळा रिकामा करताना पोत्यांच्या मागे एकावर एक रचलेल्या अकरा फळ्या निघाल्या. बाहेरचे अंग हिरव्या तैलरंगाचे, आतल्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडे, एकपासून अकरापर्यंत. पुतण्याने विचारले, "काका, हे काय आहे?" त्याचा जन्म शटर बसल्यानंतरचा, त्यामुळे त्याचे काही चुकले नाही.

ज्यांनी फक्त शटरच पाहिले आहे त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी दुकानाच्या चौकटीला वर आणि खाली लांब खाच असे. खाचेचे एक टोक मोकळे ठेवलेले असे. तेथून फळी आत घालायची आणि सरकवत दुसऱ्या टोकाला न्यायची. एकामागून एक सर्व फळ्या बसल्या की आडवी लोखंडी पट्टी टाकून कोयंड्याला कुलूप लावायचे. दुकान उघडण्याला 'फळ्या काढणे' आणि बंद करण्याला 'फळ्या लावणे' म्हणत. वर्षानुवर्षे घासून प्रत्येक फळी आपापल्या जागेपुरती झिजलेली असे. क्रम चुकला की शेवटची फळी बसतच नसे, म्हणून आकडे. व्यापारी घरातील मुलाला दुकानात जे पहिले काम मिळे ते फळ्या उचलण्याचे. वहीला हात लावण्याची वेळ पुष्कळ नंतर येई.

पाडकामाच्या ठेकेदाराशी बोलणी झालेली होती. पाडण्याची मजुरी तो घेणार नव्हता, त्या बदल्यात निघालेला माल त्याचा. असा व्यवहार आपल्याकडे सर्रास होतो आणि ऐकायला सोयीचा वाटतो. मी बंधूंना म्हटले, "भाऊ, सही करण्यापूर्वी एक दिवस मला द्या."

तो दिवस मागण्याचे कारण सांगायला मला संकोच वाटतो. २००८ साली आमचा स्वतःचा वाडा पाडला तेव्हा असाच करार माझ्यासमोर आला होता. बँकेत तारण ठेवलेल्या मालाचे मूल्यांकन तपासण्यात माझी नोकरी गेली. दुसऱ्याच्या गोदामातील पोती मी मोजून घेत असे. स्वतःच्या घराच्या तुळया मात्र न मोजता मी सही केली. दहा फूट लांब आणि सहा इंच चौरस अशा बारा तुळया होत्या. सुतार ज्या रीतीने मोजतात त्या रीतीने, लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत धरून गुणायचे आणि १४४ ने भागायचे. एका तुळईचे अडीच घनफूट, बारांचे तीस. जुन्या पक्क्या सागवानाचा घनफुटाचा भाव वाचकांनी कोणत्याही वखारीत विचारावा आणि पुढचा गुणाकार स्वतः करावा. खांब, कडीपाटाच्या फळ्या आणि दारे यांचा हिशेब मी अद्याप केलेला नाही. ठेकेदाराने काही फसवले नाही. कागदावर जे लिहिले होते तेच त्याने नेले. खांबांखालचे चार दगडी तळखडे तेवढे तो सोडून गेला, कारण त्यांना गिऱ्हाईक नव्हते. इतकी वर्षे ते माझ्या अंगणात कुंड्या ठेवण्याच्या कामी आले.

बंधूंच्या फळ्या सात फूट लांब, नऊ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड. अकरांचे मिळून सुमारे सहा घनफूट भरले. शिवाय चौकट. करारात एक ओळ वाढवली, 'फळ्या व चौकट वगळून'. ठेकेदाराने थोडी मजुरी मागितली आणि ती दिली.

आपल्या भागाचे सागवान हे काही आजचे नाही. पुण्याचा शनिवारवाडा बांधताना सागवान जुन्नरच्या जंगलातून गेले, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून. पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली, ती आठवडाभर धुमसत होती. आज तेथे दगडी तट, दरवाजे आणि जोती दिसतात. जुन्नरचे लाकूड जवळजवळ सगळे राख झाले. त्याच शतकांत गावोगावच्या वाड्यांना आणि पेठांतील दुकानांना लागलेले लाकूड मात्र आपल्या डोळ्यांदेखत, आग न लागता, ट्रकने जात आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे आणि खिडक्या पाहाव्यात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष तेथे नेऊन पुन्हा उभे केले आहेत. एका माणसाने हौसेने हे जमवले. बाकीचे बहुतेक जुने लाकूड शहरांतील जुन्या फर्निचरच्या बाजारांत जाते, मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडे जसा मोठा बाजार आहे, आणि तेथून नवे पॉलिश चढून पुन्हा आपल्यासारख्यांच्याच दिवाणखान्यात येते, तेही नव्या भावाने.

फळ्या वाचल्या, पण त्यांचे करायचे काय? दुकानामागच्या अंगणात, कडुनिंबाखाली दोन बाके करावीत ही कल्पना सूनबाईंची. फर्निचरच्या दुकानातून लोखंडी किंवा प्लास्टिकची बाके आणणे सोपे होते. त्यावर घरात जी चर्चा झाली तिच्यासाठीच खरे तर हा लेख लिहीत आहे.

प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारांत आपण पंधरा कर्मादाने म्हणतो. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणी ती आली आहेत. वनकर्म, म्हणजे झाडे तोडण्याचा व्यवसाय. शकटकर्म, गाड्या बनवण्याचा. लाक्षावाणिज्य, लाखेचा व्यापार. विषवाणिज्य, विषाचा व्यापार. तोंडपाठ असल्यामुळे ही नावे जिभेवरून निसटून जातात. ती उपजीविकेविषयी आहेत आणि घरातल्या एका बाकाला जशीच्या तशी लागू होतात, असा माझा दावा नाही. तरीही बाहेर ठेवायचे लाकडी आसन करायला घेतले की यांतील तीन नावे सुताराच्या पेटीतून एकेक करून समोर येतात, हे मी या कामात पाहिले.

जुने लाकूड वापरले तर झाड तोडण्याचा प्रश्न मिटतो, हे उघड आहे. (सागवान तोडायचे असेल तर झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा आहेच. जुने सागवानही गावाबाहेर न्यायचे असल्यास वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.) अडचण सुरू झाली ती लाकडातील जिवांपासून. चौकटीला मागून आंब्याच्या लाकडाच्या पट्ट्या मारलेल्या होत्या. त्या वाळवीने पोखरल्या होत्या. दोन फळ्यांच्या कडेला जी पांढरी पट्टी असते, झाडाच्या सालीलगतचे कच्चे लाकूड, त्यातही भुंग्याची भोके आणि पिठासारखा भुसा होता. मिस्त्री म्हणाला, "औषध मारून घेऊ शेठ, दोन दिवसांत साफ." वहिनींनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बाक नाही झाला तरी चालेल."

मिस्त्री चाळीस वर्षांचा कारागीर, घोडेगावचा. तो रागावला नाही. त्याने पटाशीने फळीची कड तासून दाखवली. भोके पांढऱ्या पट्टीत होती, तपकिरी गाभ्याशी येऊन थांबली होती. सागवानाच्या गाभ्यात स्वतःचे तेल आणि अशी द्रव्ये असतात की वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. कच्च्या पट्टीला मात्र हे संरक्षण नसते. म्हणजे विषाची गरज फक्त तेवढ्याच भागाला होती, जो भाग बाकाला नकोच होता. फळ्या आधी मऊ पुंजणीने झाडून घेतल्या. पांढऱ्या कडा कापल्या आणि त्या, आंब्याच्या पट्ट्यांसह, कुंपणाच्या कोपऱ्यात सावलीला नेऊन ठेवल्या. जाळल्या नाहीत. वाळवीला तेथे काय झाले असेल ते मी सांगू शकत नाही. कापताना एकही जीव गेला नाही असेही म्हणवत नाही. पण एका डब्याने सगळेच मारायचे होते, ते टळले.

यातून बाहेरच्या बैठकीसाठी लाकूड निवडण्याचा नियमही आपोआप मिळतो. गाभ्याचे सागवान उन्हापावसात टिकते. जांभूळ पाण्याला दाद देत नाही, म्हणून विहिरीच्या तळाशी ते घालण्याची रीत होती. आंबा, खोक्यांचे लाकूड आणि सेंट्रिंगच्या फळ्या छताखालीच बऱ्या. आणि हल्ली चाकणच्या कारखान्यांतून यंत्रांबरोबर आलेले पाइनचे पॅलेट स्वस्तात मिळतात. तरुण मंडळी त्यांची आसने करतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो तो वाचावा. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले असते. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड घरात आणू नये. पहिल्या प्रकारचे आणले तरी आपल्या पावसाळ्यात ते फार वर्षे काढत नाही.

लाखेचा प्रश्न पॉलिशच्या वेळी आला. आपल्या कित्येक घरांत कपाटांना, देव्हाऱ्यालासुद्धा, फ्रेंच पॉलिश असते. ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे असते. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे स्वतःभोवती जो राळेसारखा थर तयार करतात तो खरवडून लाख मिळते आणि त्यात किडे मरतात. रेशमाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, लाखेविषयी क्वचित. मी स्वतः साठी उलटेपर्यंत याचा विचार केला नव्हता. पॉलिशच्या बाटलीवर कर्ज मागणाऱ्या दुकानदाराचा स्टॉक मी तपासला असेल, पण बाटलीत काय आहे ते पाहिले नव्हते. सुदैवाने येथे व्यवहार आणि धर्म एका बाजूला आहेत. फ्रेंच पॉलिश पाण्याने पांढरे पडते, त्यामुळे बाहेरच्या लाकडाला ते लावण्यात अर्थच नाही. तीच गोष्ट सरसाची. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा डिंक पूर्वी सुतारकामात सर्वत्र असे. १९५९ साली फेविकॉल आले आणि हळूहळू सरस मागे पडला. मिस्त्रीने पाण्यात टिकणारा प्रकार मोजक्या ठिकाणी वापरला. मुख्य जोड जुन्या पद्धतीने केले. एका लाकडाचे टोक कोरून दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. जेथे स्क्रू लागले तेथे स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण साध्या लोखंडाने ओल्या सागवानावर काळे डाग पडतात.

जुन्या हिरव्या रंगाची मात्र काळजी घ्यावी लागली. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ पोटात जाते, मुलांना तर विशेष अपायकारक. म्हणून पाणी मारून, तोंडाला फडके बांधून रंग खरवडला. खपल्या कागदावर गोळा केल्या. मुलांना त्या दोन दिवसांत अंगणात येऊ दिले नाही. लाकडात दडलेले खिळे शोधायला जुन्या स्पीकरचे लोहचुंबक कामी आले. अकरा फळ्यांतून अर्धा किलो खिळे निघाले. दिवाळीच्या तोरणांचे असावेत.

तेलाविषयी दोन मते पडली. मिस्त्री म्हणे, जवसाचे तेल चोपडून द्यावे. मी एकदाच, पातळ हात देऊन जास्तीचे तेल पुसून काढायला लावले. पावसाळ्यात दमट हवेत तेलाचा जाड थर राहिला की त्यावर बुरशी धरते, आणि लीलण-फूलण आपण अनंतकाय मानतो. त्यावर रोज बसायचे कसे? तेल न लावले तरी सागवान कुजत नाही. वर्षभरात फक्त चंदेरी राखाडी होते. एक धोक्याची सूचना येथेच देतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

पाणी साचू न देणे हे तेलापेक्षा महत्त्वाचे. बसण्याच्या दोन फळ्यांत पाव इंच फट ठेवली आणि पुढे किंचित उतार दिला. फळ्यांची खालची टोके, जेथे रोज ओटा धुताना पाणी लागे, ती पाच-सहा इंच कुजलेली होती, ती कापून टाकली. सागवानसुद्धा आडव्या कापाच्या टोकातून पाणी शोषते, म्हणून पाय मातीत रोवू नयेत. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यांच्या दारात बैलगाडीची चाके शोभेला रोवलेली दिसतात. त्यांचा जमिनीतला भाग किती वर्षांत भुगा होतो ते पाहिले की हे कळते. पाय चौकटीच्या लाकडाचे केले. त्यांच्याखाली ठेवायला दगड हवे होते. माझ्या अंगणातले चार तळखडे मी हातगाडीवर घालून नेऊन दिले. एका बाकापुरते ते झाले.

आता खरी अडचण. अकरा फळ्यांपैकी मधल्या तिघींवर, पाच, सहा आणि सात, बाहेरच्या अंगाला 'शुभ', स्वस्तिक आणि 'लाभ' रंगवलेले होते. रंग खरवडताना मिस्त्रीचा हात तेथे आपसूक थांबला. पुतण्याचे म्हणणे, रंगच काढला की फळी ती फळीच. बंधू काही बोलले नाहीत, पण दोन दिवस अंगणात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बापूजींनी प्रत्येक धनतेरसला तिथे कुंकू लावलं. त्यावर कोणी बसलेलं मला बघवणार नाही." हिशेबाने पाहिले तर ती तीन फळ्यांची, म्हणजे दीड घनफुटाहून अधिक लाकडाची बाब होती. आम्ही तो हिशेब मांडला नाही. त्या तीन फळ्या रंगासह नव्या दुकानात गादीच्या मागे भिंतीला उभ्या लावल्या आहेत. काचेच्या दारातून येणारे गिऱ्हाईक पहिल्यांदा तिकडेच पाहते, असे पुतण्या आता सांगतो.

चार नंबरचे तीन तुकडे जोडून एक बाजोठ केला. तो साधू-साध्वींसाठी केला असे कोणी समजू नये. त्यांच्या उद्देशाने केलेली वस्तू त्यांना कल्पत नाही, हे आपण जाणतोच. घरात वापरायला केला. चातुर्मासात स्थानकात पाट-बाजोठ कमी पडले आणि मागणी आली तर पाडिहारी म्हणून जाईल व परत येईल. अकरा नंबर कोयंड्यासह तशीच ठेवली आहे. तिचे काय करावे हे अजून कोणाला सुचलेले नाही.

राहिल्या सहा. एक, दोन, तीन यांचे एक बाक आणि आठ, नऊ, दहा यांचे दुसरे. दोन फळ्या बसायला आणि एक पाठीला. आकडे मुद्दाम घासले नाहीत, फक्त बैठकीच्या फळ्यांचे खालच्या अंगाला आणि पाठीच्या फळ्यांचे मागच्या अंगाला आले. माघात काम पूर्ण झाले. संध्याकाळी बंधू काठी टेकत अंगणात आले. पहिल्या बाकावर हात फिरवला. दुसऱ्या बाकाशी गेले, वाकले, खालून हाताने चाचपले आणि मग चष्मा लावून पुन्हा वाकले.

"मिस्त्री, नऊ नंबर आठाच्या आधी लागला आहे."

मिस्त्री हसला. "खालून कोण बघतंय शेठ?"

बंधू त्याच्याकडे पाहत तसेच उभे राहिले. मिस्त्रीने पेटी उघडली, पेचकस काढला आणि आठ स्क्रू सोडवायला घेतले.